मागच्या तारखेचं कार्ड

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. मुलगी मोठी झाली, तिच्याशी आता सगळं बोलते — तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच. याहून मोठं कारण शोधत बसले तर आजही गप्प राहीन.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर आठवड्याच्या भाजीची यादी, कपाटाच्या आतल्या बाजूला प्रवासाच्या सामानाची, पर्समध्ये आजच्या कामांची. नवरा म्हणतो, "यमदूत आला तरी तू म्हणशील, थांबा, आज तुमचं नाव नाहीये यादीत." हसतो आम्ही. पण यादीची एक सोय असते, तुम्हीही करत असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. जे लिहिलं ते झालं, असं वाटायला लागतं. आणि जे लिहिलं नाही, ते झालंच नाही असंही.

वारज्याच्या पुढे, शिवण्याला, एका लहान रबराच्या कारखान्यात मी नोकरी करते. रबर म्हटलं की लोकांना टायर आठवतात. आम्ही टायर करत नाही. वॉशर, पायपांचे जोड, यंत्राखाली ठेवायच्या गाद्या, आणि म्हाताऱ्या माणसांच्या काठीच्या टोकाला बसवायचे रबरी बूट. गोष्ट या बुटांची आहे. एवढीशी वस्तू. अंगठ्याएवढी.

काठीचा बूट नुसत्या नैसर्गिक रबराचा केला तर तो जमीन छान धरतो, पण उन्हा-हवेत हळूहळू त्याला तडे जातात. कृत्रिम रबरांत एक जात अशी आहे की ऊन-हवा तिला काही करत नाही, पण तिला ती पकड नाही, तो चिवटपणा नाही. मग दोन्ही मिसळायची. ऐकायला सोपं आहे. पण ही दोन रबरं एकमेकांत मिसळत नाहीत. मिलच्या, म्हणजे रबर मळायच्या यंत्राच्या, दोन रोलांमधून कितीही वेळा काढा — बाहेर एकच काळी लादी दिसते, आत मात्र दोघं आपापल्या जागी. एका घरात राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावांसारखे. त्यातून नैसर्गिक रबर साच्यात भराभर पकतं, पकवायला घातलेलं गंधक बहुतेक तेच खाऊन टाकतं. दुसरं कच्चंच राहतं. मग जोर पडला की दोघांच्या मधून सुटतं.

यावर मी उपाय काढला होता. दोघांना धरून ठेवणारी एक राळेसारखी पावडर. प्रयोगशाळेतल्या छोट्या मिलवर ती घालून तुकडे केले, यंत्रावर ताणून तोडले, आकडे उत्तम आले. मी साहेबांना — म्हणजे मालकांना — सांगून टाकलं की जमलं. साहेबांनी लगेच बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराला शब्द देऊन टाकला. मी तेव्हा प्रयोगशाळेची प्रमुख होऊन जेमतेम काही महिने झाले होते. बाई होते, नवी होते, आडनाव गायकवाड, आणि माझ्याआधी त्या खुर्चीवर आमच्यातलं कुणी बसलेलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. आणि यातलं एकही कारण नाही. नुसती माहिती म्हणून देते.

मोठ्या मिलवर हमीदचाचा असायचे. वय तेव्हा छप्पन्न-सत्तावन्न. आयुष्य त्या मिलवर गेलेलं. गरम रोलवर गुंडाळलेलं रबर सुरीने कापायचं, दुमडायचं, पुन्हा घालायचं — हे काम ते बोलता बोलता करायचे आणि बोटं शाबूत ठेवायचे, जे त्या धंद्यात सगळ्यांना जमत नाही. त्यांना यंत्रावरचे आकडे नको असायचे. लादीचा कोपरा फाडायचे, खिडकीशी नेऊन फाटलेली कड बघायचे, आणि निकाल द्यायचे.

मोठ्या मिलवरचा पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यांनी कोपरा फाडला आणि मला हाक मारली.

"मॅडम, हे बघा. चिरोटा झालाय."

खरंच. फाटलेल्या कडेला पापुद्रे सुटले होते. पातळ, एकावर एक.

मग त्यांनी मला सांगितलं. घरी दालचा करतात तेव्हा चण्याची डाळ आणि दुधी एकदम टाकत नाहीत, म्हणाले. एकदम टाकलं तर दुधीचा लगदा होतो आणि डाळ दाताखाली कचकचते. डाळ आधी अर्धी शिजवून घ्यायची, मग दुधी. इथेही तसंच करा. जे रबर उशिरा पकतं त्याला त्याच्या वाट्याचं गंधक आधीच द्या, गरम रोलवर एकटंच फिरवा, रात्रभर पडू द्या. नैसर्गिक रबर वेगळं मळून तेवढंच मऊ करा. "मग दोघांचं लग्न लावा, मॅडम. बरोबरीचे झाल्यावर."

इथे मी जरा थांबते. कारण मला ते कळलं नव्हतं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आले. खोटं आहे. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. डाळ-दुधीच्या दुसऱ्या वाक्यालाच मला कळलं होतं की हा माणूस बरोबर बोलतो आहे, आणि माझी पावडर जे करू शकत नाही ते याची रीत करील. पण त्याला प्रत्येक घाण्यामागे एक दिवस जास्त लागणार होता. आणि साहेबांना जाऊन सांगावं लागणार होतं — काय? की "जमलं" म्हणाले ते जमलेलं नाही?

मी मोठ्याने म्हणाले, "चाचा, दालचा घरी. इथे कार्ड."

साचे दाबायच्या प्रेसवरच्या बायका हसल्या. माल चढवणारे हसले. मीही हसले, स्वतःच्याच विनोदाला. चाचा म्हणाले, "बरं, मॅडम. मिल माझी, कार्ड तुमचं." आणि सुरी उचलून कामाला लागले.

कार्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक मिश्रणाचं एक कार्ड असतं. काय आधी, काय नंतर, किती वेळ, रोल किती गरम. त्यावर नंबर, तारीख, माझी सही. प्लास्टिकच्या पाकिटात घालून मिलच्या खांबाला अडकवलेलं. ही पद्धत मीच आणली होती आणि तिचा मला अभिमान होता. कामगारांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहायचे. एक नियमही केला होता — कार्ड बदललं की जुनं फाडून टाकायचं, चुकून दोन कार्डं मिलवर राहायला नकोत. चालकाला बदल तोंडी सांगायचा. चांगला नियम होता. त्या नियमानेच मला वाचवलं.

वादानंतर पाचव्या दिवशी मोठा घाणा निघाला. चाचांनी माझ्या कार्डावरचं अक्षर न् अक्षर पाळलं. बूट झाले, गेले.

मग दीड-दोन महिन्यांनी बुधवार पेठेतले दुकानदार स्वतः आले. कोरडे, नीटनेटके गृहस्थ. हातात पोतं. माझ्या टेबलावर त्यांनी चार बूट मांडले — तळाचे पापुद्रे सुटलेले.

"मॅडम, काठी म्हाताऱ्याला धरते. बूट काठीला धरतो. तुमचा बूट स्वतःलाही धरत नाही." मग म्हणाले, "एक गिऱ्हाईक बसमधून उतरताना पडलं. सत्तरीचे आहेत. मनगट मोडलं. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं. बाकी आपण सुशिक्षित आहात."

पोतं तिथेच ठेवून ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने निरोप आला — चार वाजता कार्ड आणि हमीदचाचा, दोन्ही केबिनमध्ये हवेत.

तेव्हा अकरा वाजले होते. माझ्याकडे पाच तास होते. पाच तासांत माणूस काय काय करू शकतो? खरं सांगायला दोन मिनिटं लागतात.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन बाहेर लिंबाखाली गेले. मी मिलजवळ गेले, पाकिटातून कार्ड काढलं, प्रयोगशाळेत आणलं, एक कोरं कार्ड घेतलं. तोच नंबर टाकला. आणि खाली लिहिलं — कृत्रिम रबर प्रथम, एकटे, त्याच्या वाट्याचे गंधक त्यातच, गरम रोलवर, एक रात्र विसावा. नैसर्गिक रबर वेगळे मळणे. मऊपणा सारखा झाल्यावर दोन्ही एकत्र.

चाचांची रीत. जशीच्या तशी. फक्त "लग्न" हा शब्द गाळला.

तारीख टाकली वादाच्या दुसऱ्या दिवसाची. सही केली. काळजीचा हात फिरवावा तशी कार्डाच्या कडेवरून काजळीची बोटं फिरवली, जुनं दिसावं म्हणून. आधीच्या कार्डाचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात. लिहिताना काही बिघडलं का? नाही. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. चोरी करणाऱ्या माणसाला घाम फुटतो असं आपण ऐकतो ना? मला भूक लागली होती. मी बाहेर जाऊन डबा खाल्ला. बटाट्याची भाजी होती. हे मला आज लिहितानाही धक्का देतं — की मी ती चवीने खाल्ली.

चार वाजता साहेबांनी चाचांपुढे कार्ड ठेवलं. "वाचा."

चाचांनी चष्मा सदऱ्याला पुसला. ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. सगळं. मग खाली तारखेवर बोट नेलं. मग मान वर केली — साहेबांकडे नाही, माझ्याकडे. आणि ते हसले. अगदी थोडं.

"हो साहेब," म्हणाले. "हेच बरोबर आहे. असंच करायला पाहिजे होतं."

"मग तुम्ही असं केलंत का?"

"नाही केलं."

संपलं. साहेबांनी मला एक प्रश्नही विचारला नाही. कार्ड बोललं होतं. मी त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत होते, हातभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं. मी पंख्याकडे बघत बसले.

चाचांना मिलवरून काढलं. नोकरीवरून नाही — साहेब तसे दयाळू, असं सगळे म्हणाले. त्यांना मागच्या शेडमध्ये बसवलं, साच्यातून निघालेल्या मालाची कडेची जास्तीची रबराची साय कात्रीने कापायला. ते काम बायका करतात, नव्याने आलेल्या. मिलच्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे काय, ते कारखान्यात सगळ्यांना कळतं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच बसले, लाकडी स्टुलावर. मी रोज त्यांच्यासमोरून जायचे. ते रोज "सलाम, मॅडम" म्हणायचे. मी रोज उत्तर द्यायचे.

आणि ती रीत? ती लागू पडली. नव्या कार्डाने काढलेल्या पहिल्याच घाण्याचा कोपरा नव्या चालकाने फाडला तर कड एकसंध, गुळगुळीत. पापुद्रा नाही. बुटांची एकही तक्रार पुन्हा आली नाही. बाहेरचे लोक बघायला आले. "गायकवाड मॅडमचं कार्ड" असं त्याला नाव पडलं. नव्या मुलामुलींना मी ते शिकवते. शिकवताना डाळ आणि दुधीचं उदाहरणसुद्धा देते. मुलं हसतात, त्यांच्या लक्षात राहतं. ऐकलंत? उदाहरणसुद्धा मी सोडलं नाही.

तर मग एवढी वर्षं मी झोपले कशी, असं तुम्ही विचाराल. त्याचंही उत्तर आहे, आणि ते जास्त लाजिरवाणं आहे. त्या हसण्यावर झोपले.

मी ठरवून टाकलं होतं की चाचांना सगळं कळलं. तारखेवर बोट ठेवलं तेव्हाच कळलं. आणि कळूनही त्यांनी मला वाचवलं — मोठ्या मनाचा माणूस, मला लेकीसारखी मानून सोडून दिलं. "हेच बरोबर आहे" हे त्यांचं वाक्य म्हणजे मला दिलेली माफी, असं मी धरून चालले. आमच्या दोघांतलं गुपित. त्यांनी मिटवलं, मी कशाला उकरायचं? निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना भारी शाल दिली. सगळ्यांत जास्त वेळ मीच बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मनात म्हटलं, फिटलं.

गेल्या महिन्यात मंडईत भेटले.

शनिवारी मी तिकडे जाते, घराजवळ वारज्यात भाजी मिळत असली तरी. हातात यादी होती, पावट्यांपाशी उभी होते. मागून आवाज आला, "मॅडम?" वळले तर चाचा. वाळलेले, दाढी पांढरी झालेली, हातात काठी. शेजारी चाची, पिशवी घेऊन. चाचांनी काठी उलटी करून बूट माझ्यापुढे धरला. "आपलाच आहे. बघा, कड बघा. अजून त्याच रीतीने काढता ना?"

"हो, चाचा."

ते चाचींकडे वळले. चेहरा असा उजळलेला, मी मिलवरही कधी पाहिला नव्हता. "या त्या. माझं ऐकणाऱ्या मॅडम."

"बरं झालं, बघायला मिळालं," चाची म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसतं नाव ऐकते आहे. सकाळच्या चहाला साखर नसेल, पण या असतात."

आणि मग चाचा बोलायला लागले. भाजीवाली वजन करता करता ऐकत होती. म्हणाले, "मी तुमच्याशी सगळ्यांसमोर वाद घातला, आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी माझी रीत कार्डावर चढवलीत. शिकलेल्या माणसाला असं करायला केवढं मन लागतं! केबिनमध्ये ते कार्ड वाचलं ना, मॅडम, मला पेपर पास झाल्यासारखं वाटलं. पण मी गाढव. खांबावर लावलेलं बघितलंच नाही. डोक्यात जुनंच बसलेलं, तसंच काढत गेलो. रोजे चालू होते, वर मिलची धग. तुम्ही येऊन सांगितलंही असेल. माझ्या लक्षात राहिलं नाही."

"रोज्याचं नाव पुढे करू नका," चाची म्हणाल्या. "चष्मा खिशात ठेवून फिरायचात तुम्ही."

"तेही खरं," चाचा म्हणाले.

मी उभी होते. माझ्या हातात पावट्यांची पिशवी होती. 

तुम्हाला कळलं ना? त्यांना कळलेलंच नव्हतं. त्यांनी मला माफ केलं नव्हतं, कारण माफ करण्यासारखं माझ्याकडून काही घडल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते हसू आनंदाचं होतं. आपली रीत कागदावर उतरलेली पाहून एक माणूस माझ्याकडे बघून हसला होता, आणि त्याच क्षणी त्याने मान्य केलं होतं की मग चूक आपलीच. माझी तारीख त्याने खरी मानली. का मानणार नाही? कार्डात गायकवाड मॅडम कधी चुकत नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. स्टुलावर बसून कात्री चालवली ती शिक्षा म्हणून, आणि शिक्षा योग्य आहे असं समजून. मी मात्र त्यांच्या मोठ्या मनाखाली निवांत झोपत होते. माझी माफीसुद्धा मीच लिहिली होती. मागच्या तारखेची.

मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी विचारलं. आवाज खाली आणून, चाचींनाही नीट ऐकू जाऊ नये असा.

"मॅडम, तो माणूस. माझ्या घाण्याने पडला तो. त्याचं मनगट नंतर नीट झालं का? मला कुणी सांगितलंच नाही. दुकानात जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. नमाजात रोज त्याच्यासाठी दुआ मागतो, पण नाव माहीत नाही, तर नुसतं 'तो मनगटवाला' असं म्हणतो. तुम्हाला ऑफिसातून कळलं असेल."

मला कळलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दुकानदार माझ्या टेबलाशी उभे होते तेव्हाही नाही, त्यानंतर इतक्या वर्षांत बुधवार पेठेतून जाताना त्यांच्या दुकानावरून गेले तेव्हाही नाही.

मी म्हणाले, "हो, चाचा. अगदी नीट झालं."

विचार करावा लागला नाही. अडखळले नाही. त्या दुपारचं अक्षर आलं होतं तसंच सुबक आलं वाक्य. चाचांनी डोळे मिटले, अल्लाचे आभार मानले, आणि काठीवरचा त्यांचा हात जरा सैल झाला. चाची म्हणाल्या, "चला, आता तरी जेवण गोड लागेल यांना." मी त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेली. "काळजी घ्या," मी म्हणाले.

चूक हमीदचाचांची नव्हती. त्यांनी माझं कार्ड तंतोतंत पाळलं होतं. दुसरं कार्ड मी नंतर लिहिलं, त्यांच्या शब्दांत, माझ्या सहीने. पडलेल्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

चाचा गंज पेठेत राहतात. घर मला ठाऊक आहे; शाल दिली त्या वर्षी ईदला बोलावलं होतं, मी शिरखुर्मा खाऊन आले होते. वारज्याहून एक बस थेट जाते. महिना झाला. मी गेलेले नाही.